बिनमीटरचा हायड्रोजन

ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब म्हणजे पोरांचा हक्काचा खेळ. विहिरीत पोहायला शिकताना तीच, अंगणात उड्या मारायला तीच. त्यामुळे इंदापूर तालुक्यातल्या त्या वस्तीवर तीन-चार पोरं एका ट्यूबवर नाचताना दिसली, तेव्हा मी आधी लक्षच दिलं नाही. मग ट्यूबच्या तोंडाला लावलेली नळी दिसली. नळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरत होती, आणि ट्यूब हळूहळू फुगत होती. तिच्यात हवा नव्हती. ज्या गॅसपासून माणसांना लांब ठेवण्याचा पगार मी घेत होते, तो गॅस होता.

मी पोरांवर काय ओरडले ते आठवत नाही. कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर नंतर म्हणाला, "मॅडम, तुम्ही असल्या शिव्या देता हे माहीत नव्हतं." मलाही माहीत नव्हतं.

तिथवर मी कशी पोचले ते सांगते.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वनस्पती तुपाच्या कारखान्यात होते. शिक्षणाने केमिस्ट, कामाने गॅसघराची मुख्य. वनस्पती तूप करताना पातळ तेलात हायड्रोजन मुरवावा लागतो, तेव्हा ते थिजतं. हा हायड्रोजन आम्ही पाण्यातून काढायचो. पाण्यात कॉस्टिक सोडा मिसळायचा, त्यातून बॅटरीसारखी एका दिशेने वाहणारी वीज सोडायची. पाणी फुटतं. एका पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. दोहोंच्या मध्ये एक कापडी पडदा असतो. सगळं गॅसघर त्या पडद्याच्या भरवशावर उभं असतं. गॅस वेगळे असतील तोवर दोन्ही कामाचे. एकत्र आले की ती सुरुंगाची दारू, आणि वात लागतेच असंही नाही. नायलॉनच्या साडीची चटचट पुरते. म्हणून मी बाराही महिने सुती नेसायची. नात्यातल्या बायका मला साधी राहणीवाली समजायच्या. मी खुलासा केला नाही, फुकटचं नाव कोण सोडतं?

तर कारखान्याने नवा प्लँट घेतला आणि जुना मागच्या शेडमध्ये पडून राहिला. त्याचे पडदे विरत आले होते. माझ्या मते त्याची जागा भंगारात होती. मॅनेजरसाहेबांच्या मते तो "चालू स्थितीत" होता, कारण भंगारवाला फार कमी भाव सांगत होता.

अशात एक दिवस गेटवर तात्या आले. पांढरा लेंगा, मुंडासं, पन्नाशी उलटलेली, बोलताना डोळे बारीक करायची सवय. नरसिंहपूरच्या अलीकडे त्यांची वस्ती. घराणं मेंढपाळांचं. वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. तात्यांच्या वेळी पाणी आलं, ऊस आला, आणि तात्यांनी एक जुनी पेट्रोलची जीप घेऊन वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचा धंदा सुरू केला. जीप पेट्रोल प्यायची. त्यावर इलाज शोधत ते आमच्याकडे आले होते.

"बाई, तुमी पाण्यातनं गॅस काढता म्हनं. त्यावर गाडी चालंल का?"

"इंजिन चालेल. तुम्हाला परवडणार नाही."

"का बरं?"

मला हा प्रश्न आवडतो. मी खुर्ची ओढून त्यांना नीट समजावलं. एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. तेवढा गॅस साडेतीन-पावणेचार लिटर पेट्रोलच्या बळाचा. पण तो इतका हलका, की किलोभर गॅसने एक खोली भरते. गाडीत न्यायचा तर दाबून सिलिंडरमध्ये कोंबावा लागतो. तो दाबायला पुन्हा वीज. आमच्या कारखान्याला ज्या दराने वीज पडते, त्या दराने तुमची जीप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खर्चात पळेल. आम्ही हा गॅस काढतो, कारण त्याच्याशिवाय तूप होत नाही आणि तो खर्च तुपाच्या डब्यावर चढवता येतो. दुधाच्या कॅनवर चढवता येणार नाही.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग डोळे बारीक केले.

"युनिट म्हंजी मीटरवर फिरतं त्ये ना?"

"हो."

"आमच्यात मीटरच न्हाय."

"म्हणजे?"

"शेतीची मोटर हाय. हॉर्सपॉवरवर बिल येतं. पाच हॉर्सची मोटर, पाच हॉर्सचं बिल. दिसभर चालवा न्हायतर बंद ठिवा, आकडा त्योच. मंग तुमचं पंचावन युनिट आमाला किती रुपयाला पडलं?"

शून्य रुपयाला पडलं. पाणी विहिरीचं, वीज हॉर्सपॉवरवरची. मी कॉलेजात शिकलेलं आणि कारखान्यात रोज वापरलेलं सगळं गणित बरोबर होतं, आणि या माणसापुढे त्याला काही अर्थ नव्हता. मला बसलेला हा पहिला धक्का. त्यांनी वीज चोरायची गोष्ट केलेली नव्हती. त्यांच्या जगात युनिट नावाची वस्तूच नव्हती, इतकंच.

"आनि तुमचं जुनं मशीन इकायचं हाय म्हनं," तात्या म्हणाले. "पैशाचं बघून ठिवलंय. घरात मेंढरं हायत. मालकिणीची हायत, पर काढतो सगळी."

साहेबांना हे कळल्यावर ते खुलले. मी म्हटलं, "साहेब, पडदे गेलेत. दोन्ही गॅस मिसळतील."

"मग ते नवे बसवतील."

"त्यांना कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा. जागा बघून या, आणि प्लँट चालेल म्हणून सांगून या." या दोन वाक्यांत काही विसंगती आहे असं त्यांना वाटलं नाही. मला मात्र एवढं कळलं की कोणा बाईची मेंढरं माझ्या "चालेल" या शब्दावर विकली जाणार आहेत. त्या मेंढरांच्या बदल्यात तिच्या अंगणात काय येणार आहे, हे कारखान्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी गेले. सांगायला नाही, थांबवायला.

पोरांना ट्यूबवरून हाकलून मी मोटारीच्या खोलीत गेले. आत गॅरेजातलं बॅटरी चार्ज करायचं मशीन, कॉस्टिकच्या पाण्याने भरलेला पत्र्याचा ड्रम, त्यात सोडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि वर एकच झाकण. झाकणाला एकच नळी. कारखान्यात येऊन गेल्यावर तात्यांनी घरीच नमुना उभा केला होता.

आधी मी मशीनचं बटण बंद केलं. मग विचारलं, "तात्या, मधला पडदा कुठे आहे?"

"पडदा कशाला, बाई? तुमी एक गॅस ठिवता, दुसरा वाऱ्यावर सोडता. आमी दोन्ही एका नळीतनं घेतो. दीडपट भरतो."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. कारखान्याची उधळपट्टी त्यांनी बंद केली होती. हा माणूस तंबाखू मळून खायचा म्हणून वाचला होता. बिडी ओढत असता तर मला यायची गरजच उरली नसती.

तेवढ्यात काखेत कोकरू धरून एक उंच, सुकलेल्या अंगाची बाई दारात आली. तात्यांची बायको, कोंडाबाई. मेंढरं तिची.

"ताई, ही पान्यावरची गाडी खरंच चालती का?"

"चालती की," तात्या म्हणाले. "परवा वढ्यापतोर गेली न्हाय?"

मी जीपचं बॉनेट उघडायला लावलं. ट्यूबची नळी इंजिनात सोडलेली होती, आणि पेट्रोलचा कॉक निम्मा उघडा होता.

"हे काय, तात्या?"

"त्ये जरा इंजिन गरम ऱ्हावं म्हनून."

"आन परवा टाकी निम्मी झाली, ती कुनी पिली?" कोंडाबाईनं विचारलं. "कोकरानं?"

तात्यांनी डोळे बारीक केले आणि बांधाकडे बघितलं. बांधावर शेजारचे शेतकरी जमायला लागले होते. कारखान्याची बाई आल्याची बातमी पोचली होती. त्यांत सगळ्यात पुढे आबा होते, पलीकडच्या उसाचे मालक, तात्यांचे जोडीदार आणि मशीनच्या खरेदीत वाटेकरी व्हायला तयार असलेले पहिले गृहस्थ.

मला वाटलं, बोलण्यात वेळ घालवण्यापेक्षा दाखवावं. घमेल्यात साबणाचं पाणी घेतलं, ट्यूबमधला थोडा गॅस त्यात सोडला. वर पांढरा फेस आला, दोन ओंजळी असेल. ट्यूब ड्रायव्हरला लांब पडीक रानात न्यायला सांगून तोंड उघडून टाकायला लावली. घमेलं दुसऱ्या बाजूला मोकळ्यात ठेवलं, सगळ्यांना मागे सारलं, लांब कळकाच्या टोकाला चिंधी बांधून पेटवली आणि फेसाला लावली.

जो आवाज झाला तो मलाही अपेक्षित नव्हता. कानात नुसती शीळ राहिली. घमेल्याचं बूड खाली दबलं. झाडावरचे बगळे उडाले, कुत्रं गोठ्यात शिरलं, आणि मागच्या वाघरीतली, म्हणजे जाळ्याच्या कुंपणातली सगळी मेंढरं एका झटक्यात जाळं पाडून आबांच्या उसात घुसली. दिसेनाशी झाली.

मी म्हटलं, "हा दोन ओंजळी फेस. त्या ट्यूबवर तुमची नातवंडं नाचत होती."

तात्यांनी कानात बोट घालून हलवलं. मग हळूच म्हणाले, "एवढ्याशा फेसात एवढा जोर?"

"हो."

"आबा, बघितलं का? जोर बघितला का?"

"बघितला की," आबा म्हणाले. "जीप काय, ट्रक वढंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, आमचं बी नाव धरा." दुसरा म्हणाला, "माजी बी मोटर पाच हॉर्सचीच हाय. माज्यात बी बसवायचं का एक?"

हा दुसरा धक्का, आणि खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात मोठा. मी भीती दाखवायला गेले होते आणि प्रात्यक्षिक देऊन बसले होते. दोन ओंजळी फेसाने मी पाच-सहा गिऱ्हाईकं मिळवली होती. मॅनेजरसाहेब तिथे असते तर त्यांनी मला बढती दिली असती. माणसं धोका बघून घाबरतात हे मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. ही माणसं धोका बघून भाव ठरवत होती. विहिरीला सुरुंग लावणाऱ्यांच्या घरची होती ती. स्फोट त्यांच्या ओळखीचा होता आणि तो कामाचा असतो हेही त्यांना माहीत होतं.

मी घमेल्याशेजारी बसले आणि विचार केला. रुपये यांना कळतात, पण या व्यवहारात रुपये नाहीतच. युनिट नाही. मग यांच्याकडे वीज मोजायचं माप कुठलं?

"आबा," मी विचारलं, "इथली डीपी किती मोटारींची?"

डीपी म्हणजे रस्त्याच्या कडेला खांबावर असतो तो विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्या भागात लहान पोरालाही तो शब्द माहीत असतो.

"आमा सगळ्यांची मिळून एकच हाय. कशीबशी वढती."

"मग ऐका. तात्यांची जीप रोज दुधाचा फेरा करते. तेवढ्या फेऱ्याचा गॅस रोज काढायचा आणि दाबून भरायचा, तर पाच हॉर्सच्या पाच-सहा मोटारी दिवसभर चालवायला जेवढी वीज लागते तेवढी लागेल. एका जीपला. बिल वाढणार नाही, हे तात्यांचं खरं आहे. पण वीज त्याच तारेतून येणार. तात्यांची गाडी पळेल तेव्हा तुमच्यापैकी पाच-सहा जणांची मोटर उचलणार नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी हे बसवलं, तर डीपी आठवडाभर टिकेल असं मला वाटत नाही."

आबा बांधावरून खाली उतरले.

"डीपी जळंल म्हणता?" आबांनी विचारलं.

"जळेल."

"गेल्या उन्हाळ्यात जळाली हुती," मागचा एक जण म्हणाला. "नवी यायला लई दिस गेलं. निम्मा ऊस वाळला."

आबा तात्यांकडे वळले. "तात्या, आमचं नाव काढा."

"अवं, बाई बोलत्यात त्ये कागदावरचं—"

"कागदावरचं आसूद्या. डीपी खांबावर हाय. तुमची गाडी पळावी म्हनून मी माझा ऊस वाळवू का?" मग त्यांना आठवलं. "आन आधी तुमची मेंढरं काढा माझ्या उसातनं. पाला खात्यात ती."

नावं घालायला पुढे झालेली माणसं बघता बघता मागे सरली. मला वाटलं, संपलं. पण तात्यांचं संपलं नव्हतं. ते हट्टाला पेटले होते आणि आता त्यांना सगळ्यांसमोर माघार घ्यायची नव्हती.

"न्हाय कुनी तर न्हाय," ते म्हणाले. "मी एकला बसवतो. माझी एकट्याची मोटर हाय, तिच्यावर काय बी करीन." आणि नेमक्या त्याच वेळी कच्च्या रस्त्यावरून एक टेम्पो हेलकावत आला. मेंढरांचा व्यापारी. तात्यांनी त्याला त्याच दिवशी बोलावलं होतं, म्हणजे मेंढरं देऊन पैसे घ्यायचे आणि माझ्याच जीपमधून बारामतीला येऊन मशीनचा व्यवहार पुरा करायचा. इतकी आखणी झाली होती. माझ्या "चालेल"ची कुणी वाटसुद्धा पाहिली नव्हती.

"तात्या," मी म्हटलं, "त्या प्लँटचे पडदे फाटलेत. मी सांगते, घेऊ नका."

"तुमचं सायेब म्हनलं, चालू हाय."

"साहेब गॅसघरात पाऊल ठेवत नाहीत."

ते ऐकून तात्या क्षणभर थांबले, पण व्यापारी खाली उतरला होता आणि फळी लावत होता. "कुठायत जनावरं?"

सगळ्यांनी उसाकडे बघितलं. हिरवा ऊस, पुरुषभर उंच, वाऱ्याशिवाय मध्ये मध्ये हलत होता.

"मालकिणीनं हाक दिली की येत्यात," तात्या म्हणाले. "दुसऱ्या कुनाला येत न्हायत. अगं, हाक मार."

कोंडाबाई कोकराला घेऊन गोठ्याच्या दगडावर बसली होती. तिने कोकराच्या कानातला गोचीड काढला, बोटाने चिरडला.

"अगं हाक मार की."

"माझं कान बसल्यात," ती म्हणाली. "तुमच्या गॅसनं."

"कान बसल्यात तर तोंडाला काय झालं?"

"तोंडाला काय न्हाय झालं. तुमी मारा की हाक. इतकं शिकलाय पाण्यातनं गाडी चालवायला."

तात्यांनी खरंच हाक मारून पाहिली. उसात खसफस झाली आणि ती आणखी आत गेली. व्यापाऱ्याने बरोबरच्या गड्याला उसात पाठवलं, तो पानांनी तोंड चिरून घेऊन परत आला. आबा एव्हाना रडकुंडीला आले होते.

"वैनी, पाया पडतो. मारा हाक. माझा ऊस संपत आला."

"आबा, टेम्पो हाय तोवर न्हाय."

तिने आवाज चढवला नव्हता. वस्तीवर सगळ्यांसमोर नवऱ्याला नाही म्हणायची ती पहिलीच वेळ असणार, कारण तात्या तिच्याकडे असे बघत होते, जसे मघाशी त्या घमेल्याकडे बघत होते. आबा मुकाट्याने वळले आणि व्यापाऱ्याकडे गेले.

"शेठ, तुमी जावा आधी."

"अहो, यांनी बोलावलंय मला."

"माझ्या उसात उभी हायत. मी सांगतोय, जावा."

व्यापाऱ्याने तात्यांकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी तात्यांनी एक शब्द उच्चारला असता तर तो थांबला असता. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी चंची काढली, तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि मोटारीच्या खोलीत जाऊन चार्जिंगच्या मशीनची वायर उपसली. व्यापारी फळी टेम्पोत फेकून, शिव्या देत निघून गेला.

टेम्पो पुढच्या वळणाआड गेला तशी कोंडाबाई उठली. तोंडाला हात लावून तिने एक लांब, चढत जाणारी हाक दिली. उसातून आधी एक काळं तोंड बाहेर आलं, मग सगळीच आली, पाती चघळत.

बारामतीला पोचले तेव्हा साहेब माझीच वाट बघत बसले होते.

"काय झालं? पार्टी येणार होती ना पैसे घेऊन?"

"नाही येणार."

"का? तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"मी पुष्कळ सांगितलं," मी म्हटलं. "त्याने काही झालं नाही. मेंढरं उसातून बाहेर आली नाहीत, म्हणून थांबलं."

साहेबांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढच्या महिन्यात प्लँट भंगारात गेला. तो तोडून ट्रकवर चढेपर्यंत मी शेडच्या दारात उभी होते.